मदत हवी आहे : एलएम३८८६ चा आउटपुट आणि स्पीकर दोन्ही कसे वाचवावेत?

नमस्कार. मी फोंड्याला राहतो. चवथीच्या दिवसांत घरी होणाऱ्या भजनासाठी आणि घुमट आरतीसाठी मी एलएम३८८६ या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आयसीवर एका चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे. ट्रान्सफॉर्मर २२-०-२२ चा असून सप्लाय उणे-अधिक सुमारे ३० व्होल्ट मिळतो आणि स्पीकर ८ ओहमचा आहे.

गेल्या पावसाळ्यात वीज जाऊन परत आली त्या क्षणी मोठा दणका बसला आणि वूफरची कॉइल जळाली. उघडून पाहिले तेव्हा अधिक बाजूचा फ्यूज उडालेला होता, उणे बाजूचा शाबूत होता. दोन्ही फ्यूज २ अँपिअरचे, झटपट उडणारे, आणि ते मी १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या आधी बसवले होते. ही चूक आता कळते आहे. एकच बाजू उरल्यामुळे आउटपुट उणे सप्लायकडे ओढला गेला असावा, असा माझा अंदाज आहे. कॉइलचा रोध ६ ओहम धरला, तर ३० व्होल्टला १५० वॅट उष्णता होते. आयसी मात्र वाचला. नवा फ्यूज घातल्यावर आउटपुटवर २५ मिलिव्होल्ट डीसी दिसतो. आयसीतील संरक्षण हे आयसीपुरतेच असते, हे यातून पुरते पटले.

आता यूपीसी१२३७ (आउटपुटवर डीसी आल्यास रिले सोडणारा स्पीकर-संरक्षण आयसी) वापरून स्पीकर तोडणारी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवण्याचा विचार आहे. पण बाजारातल्या बहुतेक रिलेंच्या संपर्कबिंदूंवर डीसीसाठी ३० व्होल्टचीच मर्यादा छापलेली असते, त्यामुळे बिघाडाच्या वेळी संपर्क उघडूनही ठिणगी धरून राहील, ही भीती वाटते. रिलेचा सामाईक संपर्क स्पीकरला, सामान्यतः उघडा असलेला अ‍ॅम्प्लिफायरला आणि सामान्यतः बंद असलेला ग्राउंडला जोडला, तर ठिणगी ग्राउंडकडे जाऊन स्पीकर सुटतो, असे समजले. परंतु मग तो शॉर्ट थेट आउटपुट स्टेजवर येतो. अशा वेळी आयसीवर भरवसा ठेवावा, की कपॅसिटर आणि आयसी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, फ्यूज ठेवून तो ताण त्यांच्यावर सोपवावा? आणि तेथेही एकच फ्यूज उडाला तर?

दुसरी शंका तारेची आहे. मंडपापर्यंत १५ मीटर तार जाते. २.७ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचे झोबेल (आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एकापुढे एक जोडलेले रोध व कपॅसिटर, आउटपुट स्थिर ठेवण्यासाठी) जोडलेले आहेच, त्यापुढे ०.७ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर १० ओहम घालावेत का, आणि आउटपुटपासून दोन्ही सप्लायकडे उलटे डायोड जोडल्याने या आयसीला खरोखर फायदा होतो का?

ज्यांनी अशी रिले प्रत्यक्ष बिघाडात उघडताना पाहिली आहे, त्यांनी आपली जोडणी कृपया सविस्तर लिहावी. जुन्या वूफरच्या जागी नवा आणला आहे, पण हे ठरेपर्यंत तो जोडणार नाही.