मदत हवी आहे: सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांना चागोसचा दाखला लागू पडतो का?

नमस्कार मंडळी,

आंतरराष्ट्रीय कायदा किंवा वसाहतींचा इतिहास अभ्यासलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. एका दिवाळी अंकासाठी सायप्रसमधल्या अक्रोतिरी आणि धेकेलिया या दोन ब्रिटिश लष्करी तळांवर लेख लिहितेय. माहिती भरपूर जमली आहे, पण एका कायदेशीर मुद्द्यावर गाडी अडली आहे: हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जे मत दिलं, ते या तळांनाही लागू पडतं का?

आधी थोडी पार्श्वभूमी. मी लिमासोलला राहते. शहराबाहेर पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात आपण ब्रिटिश भूमीवर पोचतो. रस्त्यात ना चौकी, ना पासपोर्टची विचारणा. लेडीज माइलचा समुद्रकिनारा, हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात ते खारं सरोवर, कूरियनचे प्राचीन अवशेष, सगळं त्याच हद्दीत. हवाई दलाच्या तळाचं फाटक तेवढं बंद असतं. चलन युरो, पण पोलीस तळाचे स्वतःचे, न्यायालयही स्वतःचं. कारभार पाहणारा प्रशासक म्हणजे सायप्रसमधल्या ब्रिटिश फौजेचा कमांडरच. तो उत्तर देतो लंडनच्या संरक्षण मंत्रालयाला.

दोन्ही तळ मिळून 254 चौरस किलोमीटर, बेटाच्या जवळपास 3 टक्के. आणि ही काही ओसाड जमीन नाही. सुमारे 60 टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. त्राखोनी, असोमातोस, अक्रोतिरी या गावांतली माणसं सायप्रसची नागरिक आहेत, मतदान सायप्रसच्या निवडणुकांत करतात, पण त्यांच्या शेतावर सार्वभौमत्व ब्रिटनचं. आपल्याच जमिनीवर घर-दुकान बांधण्यावर कित्येक वर्षं कडक बंधनं होती, ती 2022 च्या मे महिन्यात बऱ्यापैकी सैल झाली. ज्याला आपण निवडून दिलेलं नाही अशा लष्करी अधिकाऱ्याच्या सहीवर गावाचं बांधकाम अवलंबून असावं, हे मला फार खटकतं.

आता मूळ मुद्दा. हा भाडेपट्टा नाही. क्यूबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावर अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचं असल्याचं 1903 च्या करारातच मान्य केलेलं आहे, अमेरिकेकडे फक्त ताबा. इथे तसं नाही. सायप्रस ही ब्रिटनची वसाहत स्वतंत्र होताना झालेल्या 1960 च्या स्थापना कराराचं पहिलंच कलम सांगतं की सायप्रसच्या प्रजासत्ताकात हे दोन भाग वगळून बाकीचं बेट येईल, आणि हे दोन ब्रिटनच्या सार्वभौमत्वाखाली राहतील. म्हणजे सायप्रसने जमीन दिली असं नाही, ब्रिटनने ती सोडलीच नाही. त्यामुळे ना मुदत, ना भाडं.

दुसरीकडे चागोस. 1965 मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याआधी तीन वर्षं, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि त्यांतल्या दिएगो गार्सियावर तळ उभारण्यासाठी तिथल्या लोकांना हुसकावून लावलं. 25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 1 अशा बहुमताने सल्लागार मत दिलं, की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही. मे 2025 मध्ये सार्वभौमत्व मॉरिशसला देऊन तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवण्याच्या करारावर सह्या झाल्या.

मग माझा प्रश्न असा: हाच युक्तिवाद सायप्रसला का लागू होऊ नये? इथेही स्वातंत्र्य देतानाच वसाहतीचा तुकडा कापून ठेवला गेला. चागोसच्या सुनावणीत सायप्रसनेही आपलं म्हणणं मांडलं होतं, त्यामुळे ही शंका मला एकटीलाच आलेली नसावी.

विरोधात दोन गोष्टी दिसतात. पहिली तारखेची. सायप्रस 16 ऑगस्ट 1960 ला स्वतंत्र झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा वसाहतमुक्तीचा ठराव, क्रमांक 1514, आला 14 डिसेंबर 1960 ला. चारच महिन्यांनी! न्यायालयाने चागोसच्या बाबतीत 1965 ते 1968 हा काळ तपासला. मग ऑगस्ट 1960 मध्ये स्वयंनिर्णयाचा हक्क प्रथागत कायदा (देशांच्या रूढ वागणुकीतून बंधनकारक झालेला नियम) म्हणून रुजला होता असं म्हणता येईल का?

दुसरी संमतीची. स्वातंत्र्य खरं तर फेब्रुवारी 1960 मध्येच मिळायचं होतं. तळांच्या आकारावरून ग्रीक सायप्रियटांचे नेते मकारिओस आणि ब्रिटन यांच्यात महिनोन्‌महिने घासाघीस चालली आणि तारीख ऑगस्टपर्यंत लांबली. म्हणून काही जण म्हणतात की सायप्रसने डोळे उघडे ठेवून सही केली. मला हे पटत नाही. तळ असणार हे सायप्रसच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या 1959 च्या झुरिक-लंडन वाटाघाटींतच ठरून गेलं होतं. वाद उरला तो फक्त किती मोठे एवढाच. स्वातंत्र्यच पणाला लागलेलं असताना केलेल्या घासाघिशीला मोकळी संमती कसं म्हणायचं? पण हे माझं मत झालं, लेखात त्याला कायद्याचा आधार लागेल.

भर: खाली एकांनी विचारलंय की ब्रिटनने कधी जमीन परत देऊ केली का. हो, दुभंगलेलं बेट पुन्हा एकत्र आणण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2004 च्या अन्नान योजनेत तळांची जवळपास निम्मी जमीन देऊ केली होती. त्या एप्रिलमधल्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांनी योजना स्वीकारली, ग्रीक सायप्रियटांनी मोठ्या बहुमताने नाकारली, आणि देऊ केलेली जमीनही तशीच राहिली.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलंय की तळावर जन्मलेल्या मुलांना ब्रिटिश नागरिकत्व मिळतं का. ब्रिटनने 2002 मध्ये सागरपार प्रदेशांतल्या लोकांना पूर्ण नागरिकत्व दिलं, तेव्हा ज्यांचा संबंध केवळ या तळांशी आहे त्यांना मुद्दाम वगळलं. भूमी ब्रिटिश, पण तिथला माणूस ब्रिटिश नाही. लेखात हा मुद्दा ठळकपणे मांडणार आहे.

तर, संमती आणि तारीख या दोन मुद्द्यांवर कुणी वाचलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मॉरिशसच्या मराठी समाजातलं कुणी इथे वाचत असेल, तर 2019 नंतर तिकडे या प्रश्नावर घराघरांत काय बोललं जातं तेही ऐकायला आवडेल. संदर्भ मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेतले चालतील. ग्रीक असतील तर ऑफिसमधली मैत्रीण वाचून समजावून देईल. मजकूर महिनाअखेरीस संपादकांकडे पाठवायचा आहे, त्याआधी कळवलंत तर फार उपकार होतील.