[मंडळ-चर्चा] रविवारी नाटक पथकाचे जेवण: बेनकूलन स्ट्रीटजवळ माफक दरात कोठे?

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाच्या नाट्यप्रयोगासाठी सिंगापुरात येणाऱ्या नाटक पथकाची राहण्याची सोय बेनकूलन स्ट्रीटवरच्या नेहमीच्या हॉटेलात झाली आहे आणि सोमवारपासूनच्या जेवणांचीही व्यवस्था लागली आहे. अडले आहे ते रविवारच्या रात्रीचे जेवण. रंगीत तालीम साडेसातला संपेल आणि चौदा माणसे भुकेली होऊन हॉलबाहेर पडतील. त्यांना सभासदांच्या घरी विभागून पाठवण्याची कल्पना कृपया कोणी पुन्हा मांडू नये, कारण गेल्या गणपतीत आपले तबलजी बुकित बातोक की पुंगोल, या दूरदूरच्या दोन वस्त्यांच्या घोळात किती वेळ टॅक्सीत बसून होते, ते सर्वांना ठाऊक आहे. हॉटेलातला बुफे आपल्या आवाक्यातला नाही. कार्यकारिणीने माणशी पंधरा डॉलर मंजूर केले आहेत. पथकातले पाचजण शाकाहारी आहेत, त्यांपैकी एकांना चातुर्मासामुळे कांदा-लसूण चालत नाही, आणि ज्येष्ठ अभिनेत्री जिने चढू शकत नाहीत. हॉटेलपासून चालत दहा-बारा मिनिटांच्या अंतरातले ठिकाण कोणी सुचवावे.

आपला,
कार्यवाह

---

प्रेषक: नाना, सेरंगून

कार्यवाहांस,

यात चर्चा करण्यासारखे काय आहे, हे मला समजले नाही. बेनकूलन स्ट्रीटने सरळ वर जाऊन कालवा ओलांडला की लिटल इंडिया ही भारतीय वस्ती लागते. सेरंगून रोडवर कोमला विलास 1947 पासून आहे, आनंद भवन तर 1924 पासूनचे आहे, आणि मंडळाची स्थापना होण्याच्या कितीतरी आधीपासून आपली माणसे तेथे जेवत आली आहेत. डोसा, इडली, केळीच्या पानावरचा भात यांत पंधरा डॉलरला पोट भरून वर कॉफी होते. चौदा माणसांसाठी आधी दूरध्वनी करावा, म्हणजे झाले.

नाना

---

प्रेषक: खजिनदार

आदरणीय नाना आणि कार्यवाह,

पंधरा डॉलरमध्ये काय बसते, हे ठरवण्याआधी पंधरा डॉलर म्हणजे किती, हे ठरवावे लागेल. जी उपाहारगृहे सेवाशुल्क घेतात, त्यांना येथील नियमाने मेन्यूकार्डावर करविरहित दर छापण्याची मुभा आहे, आणि म्हणूनच दरांखाली बारीक अक्षरांत दोन अधिक चिन्हे असतात. पहिल्या चिन्हाचे दहा टक्के सेवाशुल्क, आणि त्या वाढलेल्या रकमेवर दुसऱ्या चिन्हाचा नऊ टक्के जीएसटी. म्हणजे मूळ दरावर 19.9 टक्के. मेन्यूकार्डावरचे वीस डॉलर बिलात तेवीस डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट होतात. आपल्या ईमेल-यादीवर अजूनही काहीजण 17.7 टक्क्यांचा हिशेब सांगतात. तो जीएसटी सात टक्के असतानाचा, म्हणजे 2022 पर्यंतचा आहे. 2023 मध्ये कर आठ टक्के झाला आणि 2024 पासून नऊ. त्यामुळे अशा ठिकाणी मंजूर रकमेत जेवायचे, तर मेन्यूकार्डावरचा आकडा साडेबारा डॉलरच्या पुढे जाता कामा नये, आणि त्यातच पेयही आले. कित्येक ठिकाणी साध्या पाण्याचेही पैसे लावतात. मुंबईहून आलेला माणूस बसल्याबरोबर पाणी मागतो आणि ते फुकट आहे असे समजून दोनदा मागतो.

सेवाशुल्क न घेणाऱ्या ठिकाणी मात्र करासहितचाच दर लावावा लागतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. ठिकाण कोणतेही ठरो, मला पावती हवी. हिशेब तपासनीसांसमोर दरवर्षी मी उभा राहतो.

खजिनदार

---

प्रेषक: अण्णा, ईस्ट कोस्ट

खजिनदारांनी साडेबारा डॉलर म्हटल्यावर सगळी चर्चा डोशाभोवतीच फिरणार, हे उघड आहे. चौदापैकी नऊजण मांसाहारी आहेत, त्यांचा विचार कोणी करायचा? लिटल इंडियातच रेसकोर्स रोडवर माशाच्या डोक्याचे कालवण मिळते. ज्या शहरात केरळहून आलेल्या एम. जे. गोमेझ यांनी सिंगापूरच्या चिनी गिऱ्हाइकांची आवड ओळखून ते कालवण रूढ केले, त्या शहरात आलेल्या कलाकारांना, आणि त्यातही मालवणच्या दोघांना, उत्तपा खाऊ घालून परत पाठवणे मला पटत नाही. तांबड्या रंगाच्या मोठ्या माशाचे अख्खे डोके, चिंचेचा आंबटपणा, त्यात भेंडी आणि वांगे. गालाजवळचा तुकडा कोणाला वाढायचा, यावरून आमच्या घरी अजूनही वाद होतो. एक हंडी तिघा-चौघांना पुरते.

अण्णा

---

प्रेषक: खजिनदार

अण्णा, त्या हंडीच्या दराखालीही तीच दोन अधिक चिन्हे आहेत.

खजिनदार

---

प्रेषक: फॅरर पार्कहून एक सभासद

नमस्कार,

रविवार आहे, याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मी फॅरर पार्कला राहते, म्हणून सांगते. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात बांधकामावरचे आणि जहाजदुरुस्तीच्या गोद्यांतले तमिळ आणि बांगलादेशी कामगार आठवड्याच्या सुट्टीसाठी येतात. घरी पैसे पाठवणे, गावाकडच्या मित्रांना भेटणे, केस कापणे, जेवण, हे सगळे त्याच काही तासांत उरकायचे असते. सहानंतर मुस्तफा या मोठ्या दुकानाच्या आसपासच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते आणि उपाहारगृहांबाहेर रांगा लागतात. रविवारी रात्री पावणेआठला चौदा माणसांचे आरक्षण कोणी घेईल, असे मला वाटत नाही, आणि मोठ्या गटाला बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यावर बसवतात. जुन्या शॉपहाऊसचे, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींचे, जिने किती अरुंद आणि उभे असतात, हे नानांना ठाऊक आहेच. ज्येष्ठ अभिनेत्रींचे काय करायचे?

माझ्या मते टेक्का सेंटर सोयीचे आहे. हॉकर सेंटर, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांची जागा, तळमजल्यावर आहे, लिटल इंडिया स्थानकाच्या सी दाराला लागूनच आहे, सेवाशुल्काचा प्रश्न येत नाही, बिर्याणी, पराठा आणि डोसा एकाच छपराखाली मिळतात, आणि आठ-नऊ डॉलरमध्ये पोटभर जेवण होते. मात्र कित्येक गाळे रात्री लवकर आवरतात, म्हणून आठ वाजता जाणे धोक्याचे आहे.

---

प्रेषक: भोजन समिती प्रमुख

सर्वांस नमस्कार,

पाहुण्यांच्या जेवणाचा विषय भोजन समितीकडे न येता थेट यादीवर आला, याची मी केवळ नोंद करून ठेवते. समितीने मागच्या दोन्ही नाट्यप्रयोगांच्या वेळी व्यवस्था केली होती आणि तक्रार आलेली नव्हती. तबलजींची टॅक्सी परिवहन समितीने ठरवली होती, हे या निमित्ताने स्पष्ट करते.

हॉकर सेंटरला माझा विरोध नाही, परंतु पाहुण्यांना उकाड्यात ट्रे हातात घेऊन जागा शोधायला लावणे आपल्याला शोभेल का, याचा विचार व्हावा. तेथे जेवायचेच असेल, तर दोन स्वयंसेवकांनी सहा वाजताच जाऊन टेबलांवर कागदी रुमालांची पाकिटे आणि छत्र्या ठेवून चार टेबले धरावीत.

---

प्रेषक: फॅरर पार्कहून एक सभासद

ताई, जागा धरण्याची रीत येथे सर्वमान्य आहे, पण ती एखादा माणूस पदार्थ आणायला जातो तेवढ्या वेळापुरती. आठवड्यातून एकदा सुट्टी मिळणाऱ्या माणसांच्या गर्दीत चार टेबले दोन तास रिकामी अडवून ठेवायला मी तरी बसणार नाही.

---

प्रेषक: माई, वॉटर्लू स्ट्रीट

चिरंजीव कार्यवाहांस अनेक आशीर्वाद.

कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्यांविषयी कोणीच बोलेना, म्हणून लिहिते. टेक्कात त्यांची आबाळ होईल, कारण सांबारात कांदा आणि चटणीत लसूण असायचाच. हॉटेलपासून उलट दिशेला, मिडल रोडवर फॉर्च्यून सेंटर आहे. तेथे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते, आणि त्या पद्धतीत कांदा, लसूण, पात हे सर्व वर्ज्यच असते. मी आणि आमचे हे कृष्णमंदिरात गेलो की पुष्कळदा तेथेच जेवतो. शेजारच्या क्वान-यिन देवीच्या मंदिरातून निघालेल्या चिनी बायका आपल्या कृष्णापुढेही उदबत्त्या लावून हात जोडतात आणि मग त्याच आमच्या पुढच्या टेबलावर नूडल्स खायला बसलेल्या असतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही गाळ्यांवर अंडे वापरतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. शिवाय सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून मासे, कोळंबी, बदक यांच्या हुबेहूब आकाराचे पदार्थ करतात, त्याची पाहुण्यांना कल्पना द्यावी. माझ्या सासऱ्यांच्या ताटात शेपटीसकट गुलाबी कोळंबी आली, तेव्हा ती पिठाची आहे हे मी शपथेवर सांगूनही ते ताट बाजूला सारून उठले आणि घरी येऊन दूध-भात जेवले. चिनी पंचांगाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तेथे फार गर्दी असते, तेवढे पाहून घ्यावे. तेथलेही बरेच गाळे आठ-साडेआठला आवरतात.

माई

---

प्रेषक: नाना, सेरंगून

माईंच्या सासऱ्यांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. शाकाहारी माणसाला कोळंबीचा आकार कशासाठी हवा?

नाना

---

प्रेषक: खजिनदार

टेक्काच्या सूचनेने माझी दोन अधिक चिन्हे गेली, पण पावतीही गेली. चौदा माणसे सहा-सात वेगवेगळ्या गाळ्यांवरून पदार्थ घेणार, रोख देणार, आणि कोणताही गाळेवाला मंडळाच्या नावाने पावती लिहून देणार नाही. त्यावर एकच उपाय मला दिसतो. पंधरा डॉलर प्रत्येकाला भोजनभत्ता म्हणून पाकिटात द्यावेत आणि तेथेच नावांच्या यादीवर सही घ्यावी. सही केलेली यादी हिशेबाला चालते. कोणाचे दोन-तीन डॉलर उरले, तर ते त्यांचे.

---

प्रेषक: भोजन समिती प्रमुख

कलाकारांच्या हातात पाकीट देऊन "आपापले जेवून या" असे सांगणे म्हणजे पाहुणचार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

प्रेषक: कार्यवाह

सर्वांचे आभार. दिग्दर्शकांशी आज फोनवर बोललो. हॉल रात्री दहापर्यंत आपल्याकडे आहे, तेव्हा रविवारी दुपारी दोन ते पाच नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचे काम आटोपून, पाच ते साडेसहा जेवण आणि मग तालीम, हा बदल त्यांना मान्य आहे. उलट रिकाम्या पोटी तालीम नको, असे त्यांनीच बोलून दाखवले. पाच वाजता टेक्कात जागाही मिळते आणि गाळेही उघडे असतात.

भोजन समितीच्या भावनेचा मान राखून असे ठरवले आहे की पाकीट दिले, तरी पाहुण्यांना एकटे सोडायचे नाही. तीन-तीनच्या चार गटांबरोबर समितीचा एकेक सभासद टेक्काला जाईल, कोणत्या गाळ्यावर काय चांगले मिळते ते सांगेल, आणि चहा पाजताना तो डब्यातले गोड दूध घातलेला असतो, याची आधी कल्पना देईल. कांदा-लसूण न खाणारे पाहुणे आणि ज्येष्ठ अभिनेत्री यांना माईंनी फॉर्च्यून सेंटरला न्यावे, ही विनंती. टॅक्सीचा खर्च परिवहन समितीकडे राहील. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून मांडणीवर ठेवायचे आहेत. पहिल्या वेळेला ताकीद मिळते, पुढच्या वेळेला तीनशे डॉलर दंड होऊ शकतो. हलाल आणि बिगरहलाल ट्रेंच्या मांडण्या वेगळ्या असतात, तेही गटप्रमुखांनी पाहावे.

अण्णांना आवडत्या कालवणासाठी मालवणच्या दोघांना प्रयोगानंतर स्वखर्चाने नेता येईल.

---

प्रेषक: अण्णा, ईस्ट कोस्ट

नेतो. पण मंगळवारी विमान किती वाजताचे आहे, ते कोणी कळवील काय?

---

प्रेषक: खजिनदार

विमानाचे परिवहन समितीला विचारावे. पाकिटांसाठी पथकाच्या नावांची यादी मला शुक्रवार रात्रीपर्यंत मिळावी. प्रत्येक पाकिटात दहाची एक नोट, दोनच्या दोन नोटा आणि एक डॉलरचे नाणे असेल, कारण चार डॉलरच्या डोशाला पन्नासची नोट पुढे केलेली गाळेवाल्यांना आवडत नाही. दोनच्या अठ्ठावीस नोटा कोणाकडे असतील, तर त्यांनी कळवावे, म्हणजे माझी बँकेची एक फेरी वाचेल.

खजिनदार