दूधसागरसाठी बूट कोणते घ्यावेत? तातडीने मदत हवी

सिडकोकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी निघतोय, सहा जण आहोत. दूधसागर करायचा आहे. चालणं बरंच आहे, पावसात सगळं निसरडं असतं, म्हणून बूट कोणते घ्यावेत एवढंच सांगा. मेन रोडला दोन दुकानं पालथी घातली. एक म्हणतो साधे स्पोर्ट्स शूज चालतील, दुसरा साडेचार हजारांचे वॉटरप्रूफ गळ्यात मारतोय. जळवांसाठी काय न्यावं तेही सांगा. रविवारी खरेदी उरकायची आहे, तेव्हा जरा लवकर.

गोदाकाठची मावशी
अरे सोमेश्वरच्या दूधसागरला बूट कशाला लागतात? चप्पल घालून जा. देवळापाशी गाडी लावायची, दर्शन घ्यायचं, पाच-दहा मिनिटं चाललं की धबधबा. जळवा नाहीत तिथे, कणीसवाले आहेत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल तर मात्र कडेच्या खडकावर जाऊ नका, दरवर्षी कुणीतरी जातंच.

सिडकोकर
मावशी, गोव्याचा दूधसागर हो! सोमेश्वरला जायला मी आठवडाभर आधी कशाला विचारीन?

गोदाकाठची मावशी
मग तसं लिहायचं ना. नाशिकच्या माणसाने नुसतं दूधसागर म्हटलं तर आम्ही काय समजायचं?

ओला ट्रेकर
जळवांचं मी सांगतो, सहा पावसाळे पश्चिम घाटात काढलेत. पहिली गोष्ट, त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस डोक्यात ठेवून जाऊ नका. आपल्याकडे डोंगर उघडा, वारा लागतो, पाऊस थांबला की तासाभरात अंग सुकतं. दूधसागरच्या वाटेवरच्या मोलेच्या जंगलात झाडावर झाड आहे. पाऊस थांबला तरी वरून पानांचा पाऊस चालूच राहतो. दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं आणि खाली पाचोळा कधी वाळत नाही. त्या पाचोळ्यातच जळवा असतात. चावलेलं कळत नाही, कारण चावताना जळू ती जागा बधिर करते. रक्त साकळू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून ती गळून पडल्यावरही रक्त वाहत राहतं. घाबरायचं कारण नाही. ओढून काढू नका. नख आडवं सरकवून तोंडाकडची बाजू सोडवा, नाहीतर मिठाची पुरचुंडी लावा. पँट मोज्यात खोचायची, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचं. बसायचं तर खडकावर, ओंडक्यावर नाही. ओंडक्यावर चापडा सापही बसलेला असतो, हिरवा असला की पानात दिसत नाही.

बुटांचं म्हणाल तर वॉटरप्रूफ अजिबात घेऊ नका. ओढा ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि बाहेर येत नाही, दिवसभर दोन बादल्या पायात घेऊन चालल्यासारखं होतं. पाणी निथळणारे, रबरी खुंट्यांचे स्वस्त बूट घ्या.

सिडकोकर
धन्यवाद ओला दादा, हेच हवं होतं. खुंट्यांच्या बुटाने खडीवर आणि स्लीपरवर पाय मुरगळत नाही ना?

ओला ट्रेकर
खडी? स्लीपर?

बँकर इंजिन
एक मिनिट. तुम्ही घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनला उतरून रुळांवरून चालत जाणार आहात का?

सिडकोकर
हो, अजून कुठून जाणार? २००९ साली कॉलेजात असताना आम्ही तसेच गेलो होतो. कॅसलरॉकपासून चौदा किलोमीटर, बोगद्यांतून, मजा येते. हे सगळ्यांना माहीतच असतं म्हणून लिहिलं नाही.

बँकर इंजिन
ते आता बंद आहे भाऊ. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३च्या जुलैत दूधसागरला गेलेल्या पोरांकडून रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढून घेतल्या होत्या, व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका धबधब्यावर माणसं बुडाली आणि गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली.

पंचवटीचा वाघ
काही होत नाही हो. आम्ही गेलो होतो, गार्डला चहा पाजला, सोडलं. इतकं घाबरून राहायचं तर घरी बसा. खरा दूधसागर रुळांवरूनच. जीपने जाणं म्हणजे जत्रा.

बँकर इंजिन
वाघोबा, चहाने गाडी थांबत नाही. त्या घाटाचा चढ १:३७ आहे, आपल्या कसारा घाटाइतकाच. भरलेली मालगाडी उतरताना ड्रायव्हरला माणूस दिसला तरी ती जागच्या जागी उभी करता येत नाही. पावसात, बोगद्यात, बाजूला धबधब्याचा आवाज असताना तुम्हाला ती ऐकूही येत नाही.

पंचवटीचा वाघ
तुम्ही रेल्वेत आहात वाटतं. रेल्वेवाल्यांना सगळीकडे गुन्हाच दिसतो.

मनमाड जंक्शन
रुळांचं सोडा, जाणार कशाने? गोवा एक्सप्रेस मनमाडहून धरा. नगर, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत तीच त्या घाटातून उतरते. मनमाडला सकाळी साडेदहाच्या सुमारास येते.

सिडकोकर
नाशिकरोडहून मडगावपर्यंत मंगला एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत, परतीचीही. कन्फर्म आहेत.

मनमाड जंक्शन
मंगला कोकण रेल्वेने जाते, दूधसागर तिच्या वाटेवर येतच नाही. मडगावहून कॅसलरॉकला उलटं चढून जाणार होतात का? आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे, मडगावला कधी पोचते ते नीट बघून घ्या.

अबोली
सहा जण म्हणजे कोण कोण? कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते.

सिडकोकर
मी, बायको, मेहुणा, त्याची बायको, माझी मुलगी (अकरा वर्षं) आणि सासरे. सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत पण पाय खणखणीत आहेत, रोज गोल्फ क्लबला चार फेऱ्या मारतात.

अबोली
अकरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे आजोबा घेऊन चौदा किलोमीटर रुळांवरून? पावसात? आणि तुम्हाला प्रश्न पडला तो बुटांचा!

तिरसट
+१. धागा ‘कोण आपलं माणूस बोगद्यात नेतं’ या नावाने काढायला हवा होता.

म्हादईकर
धबधबा ज्या नदीवर आहे त्या मांडवीचं, म्हणजे आमच्या म्हादईचं पाणीच वळवायला निघालेत, त्यावर बोला आधी. उद्या धबधबा उरेल का?

पंचवटीचा वाघ
पाणी वळवण्याचं नाशिककरांना सांगू नका. आमचं गंगापूर-दारणाचं पाणी दर दुष्काळात जायकवाडीला जातं.

छत्रपती संभाजीनगरवरून
तुमचं म्हणजे? गोदावरी काय पंचवटीत संपते का?

संपादक मंडळ
पाण्यासाठी वेगळा धागा आहे. इथले सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

ओला ट्रेकर
मूळ मुद्द्यावर येतो. जंगलातून चालत जाऊन धबधबा बघायचा असेल तर पाऊस उघडू द्या. साधारण ऑक्टोबरपासून घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याहून वनखात्याच्या फाटकातून जीप सुटतात. जंगलातून, ओढ्यांच्या पाण्यातून जीप जाते, शेवटचा किलोमीटरभर गोट्यांवरून चालायचं, लाइफ जॅकेट सक्तीचं. पाणी तेव्हाही भरपूर असतं. ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांचा धबधबा ऑक्टोबरात लगेच आटत नाही. शेकरू दिसण्याची शक्यताही तेव्हा जास्त, कारण पावसात तुम्ही खाली बघूनच चालता. आता जुलैत जीप बंद, कारण ज्या ओढ्यांतून ती जाते ते भरून वाहतात. पावसाळ्यात परवानगी काढून चालत नेणारे गट असतात, पण त्या आठवड्यात बंदी आहे का ते आधी कुळ्याच्या वनखात्याला फोन करून विचारा, गट नेणाऱ्याला नाही.

पंचवटीचा वाघ
ऑक्टोबरमध्ये तो दूधसागर नसतो, ताकसागर असतो.

गोदाकाठची मावशी
गोव्याला जातच आहात तर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ चुकवू नका. कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, भर जंगलात, मागे ओढा. आम्ही ह्यांच्या निवृत्तीनंतर गेलो होतो. मोलेहून जवळ आहे. तुमच्या सासऱ्यांना धबधब्यापेक्षा तेच आवडेल बघा.

सिडकोकर
सासऱ्यांनाच तर धबधबा बघायचा आहे. म्हणजे असं मला वाटत होतं. काल रात्री हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. ते इगतपुरीला बँकरवर होते, तेहतीस वर्षं. कसारा घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावून ढकलायचं, तेच काम.

बँकर इंजिन
हे आधी सांगायचं ना राव! मी नांदगावचा, वडील गार्ड होते. काय म्हणाले?

सिडकोकर
वाघोबांचा चहाचा प्रतिसाद परत वाचायला लावला. मग म्हणाले, रुळावरचा माणूस ड्रायव्हरला आधी माणूस वाटतच नाही, पोतं पडलंय असं वाटतं. पुढे काही बोलले नाहीत, जेवायला उठले. जेवताना म्हणाले, मला धबधब्यापाशी जायचंच नव्हतं. १८८८ सालचा घाट आहे, तिकडे बँकर कसे लावतात ते बघायचं होतं. गाडीतून दिसलं तरी पुरे. हे चार महिन्यांत एकदाही बोलले नव्हते.

मनमाड जंक्शन
मग सोपं आहे. जाताना मंगलाने जा. येताना गोवा एक्सप्रेस धरा. जातानाची गोवा एक्सप्रेस तो घाट पहाटेच्या अंधारात उतरते, काही दिसत नाही. येतानाची दुपारी तीनच्या सुमारास वास्कोहून निघते, त्यामुळे घाट उजेडात चढते. कुळ्याला बँकर लागतात, काकांना खिडकीतून बघू द्या. तिथून पुढे धबधबा गाडीच्या अगदी अंगावर येतो. दारात कुणाला उभं करू नका, विशेषतः मुलीला. मनमाडहून नाशिकला यायला गाड्या आहेतच.

अबोली
खिडकीतून बघितलेला दूधसागरही काही कमी नसतो. काचेवर तुषार येतात. मुलगी खूश होईल.

पंचवटीचा वाघ
म्हणजे ट्रेक रद्द. छान.

सिडकोकर
रद्द नाही, पुढे ढकलला. मी आणि मेहुणा दिवाळीनंतर कुळ्याहून जीपने जाऊ. ओला दादा, तेव्हाही खुंट्यांचेच बूट ना?

ओला ट्रेकर
दिवाळीनंतर मावशींची चप्पलही चालेल, मागे पट्टा असलेली.

सिडकोकर
ठीक. आता एवढंच सांगा, मंगलाची परतीची सहा तिकिटं रद्द केली तर किती कापतात? तातडीने.

तिरसट
कुठला डबा, किती दिवस आधी, ऑनलाइन काढली की खिडकीवर?