डाव्या चाकापाशी खटखट, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत बंद करायचीय (बजेट 5 हजार)

चोपडेकर: पेट्रोल हॅचबॅक, 2015 ची, 82 हजार किमी. महिनाभरापासून पुढच्या डाव्या चाकापाशी ‘खट्-खट्’ येतं. गुळगुळीत रोडवर काही नाही, उखडलेला रोड आला की सुरू. एका गॅरेजवाल्याने न उघडता शॉकअप सांगितले, 9 हजार. दुसऱ्याने चक्कर मारली तर आवाजच आला नाही. आखाजीला ताईला साक्रीहून आणायचंय, सोबत दोन लहान भाचे. 5 हजारांच्या वर जमणार नाही. आवाज नक्की कुठला, ते आधी कसं शोधू?

रावेरचा_केळीवाला: चारही शॉकअप टाक आणि मोकळा हो भो. मी 16 हजार घातले, आता पोटातलं पाणी हलत नाही.

भुसावळवाला: आधी डिक्की रिकामी करा. मी तीन महिने गॅरेजं फिरलो, शेवटी सैल झालेला जॅक निघाला. फार चीड आली होती.

धुळेकर78: तो पुढचं चाक म्हणतोय, डिक्की मागे असते.

भुसावळवाला: मलाही आवाज पुढूनच वाटायचा. आवाज पत्र्यातून फिरतो.

नवापूर_घाट: पैसे घालण्याआधी हे करा. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढवा, मग खड्ड्यात फक्त डावं घाला. दोन्हीला गप्प आणि एकट्याला खटखट असेल तर संशय लिंक रॉडवर (अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दांडा), कारण दोन्ही चाकं बरोबर उचलली की अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा, नुसता फिरतो, लिंकवर जोर येत नाही. खडबडीत रोडवर ब्रेक हलका दाबल्यावर आवाज थांबला तर पॅड-कॅलिपर बघा. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कटकट झाली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग.

अमळनेरची_माहेरवाशीण: आमच्याकडे रबरी बुशच गेले होते. ह्यांनी ग्रीस चोपडलं, आठ दिवस शांत, मग दुप्पट.

धुळेकर78: रबराला साधं ग्रीस लावूच नये, रबर फुगतं.

रावेरचा_केळीवाला: आमच्या ट्रकच्या पाट्याला वर्षानुवर्षं लावतो, काही होत नाही.

धुळेकर78: पाटा लोखंडाचा असतो दादा.

पारोळा_फाटा: मनी गाडीले बी आसाच आवाज व्हता. लिंक रॉडच निंघनं. जोडी 1,400 मा, मजुरीसकट. टेन्शन लेऊ नको.

भुसावळवाला: जॅक बघितला का?

चोपडेकर: बघितला, घट्ट आहे. डिक्की रिकामी करूनही फिरवली. नवापूरवाल्या दादांची चाचणी आज पहाटे केली. दोन्ही चाकांना एकदम गप्प, एकट्या डाव्याला खटखट. पण जॅकवर लिंक हलवली तर ढिली लागत नाही.

नवापूर_घाट: इथेच सगळे फसतात. एकच बाजू उचलली की बार पिळतो, लिंक ताणून बसते. गाडी चारही चाकांवर, गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या आणि मग लिंक हाताने हलवा. त्याच वेळी लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट टॉमी (लोखंडी पहार) लावून बघून घ्या. लिंक तुटली तर आवाज वाढेल आणि वळणावर गाडी जास्त झुकेल, पण बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं.

चोपडेकर: सापडलं! खड्ड्यावर घेऊन डावी लिंक धरली तर वरचा सांधा बोटाला टक्-टक् लागला. रबरी टोपण फाटलेलं, आत ग्रीसऐवजी लाल माती. बॉल जॉइंट, बुश चांगले आहेत. लिंक काढून गावात हळू फिरवली, आवाज पूर्ण बंद. जोडी जळगावहून येईल, पण आखाजीनंतर.

पारोळा_फाटा: मंग लिंक काढीसन जाय ना साक्रीले. काय व्हत नाही.

रावेरचा_केळीवाला: जा बिनधास्त. नाहीतर शॉकअप टाक.

धुळेकर78: हळू गेलास तर चालेल. मीही गेलोय.

चोपडेकर: नाही दादा. लिंक नसली की वळणावर गाडी जास्त झुकते, ते मला गावातल्या चौकातच जाणवलं. हायवेला कोणी आडवं आलं, झटकन स्टेअरिंग मारावं लागलं तर? मागे भाचे असणार. एसटीने जातो, ताईला तसं फोनवर सांगितलंय. लिंक आल्या की दोन्ही बाजूच्या टाकून इथे लिहितो.

भुसावळवाला: लिंक टाकताना जॅकही एकदा आवळून घ्या.