मदत हवी आहे : ग्लॅडिओलसच्या कंदांवर कॉर्म-२, पण कंट्रोलही तितकाच उगवतोय

पेट्रीडिश
घाईत लिहितेय, गाईडना आकडे दाखवायची तारीख अंगावर आली आहे. ग्लॅडिओलसच्या कंदांना कॉर्म-२ (कार्बन मोनॉक्साइड सोडणारं रसायन) दिलं, कोंब लवकर फुटले. इथवर छान. पण आयकॉर्म (वायू काढून टाकलेलं तेच रसायन, माझा कंट्रोल) दिलेल्या कंदांनाही तितक्याच लवकर फुटले! मग हा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम म्हणायचा कसा? वनस्पतींवर हे कुणी केलंय का? कंट्रोल कोणता लावू? 'पेपर वाचा' असं सांगू नका, वाचून झालेत.

निळी शाई
किती मायक्रोमोलर? कशात विरघळवलं? आयकॉर्म कसं तयार केलं? डॉक्टरांना फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं आणि फोन ठेवायचा, तसा धागा आहे हा.

खुरपं
ताई, कंद आधी बुरशीनाशकात बुडवले होते का? फ्युजेरियम ही बुरशी लागली की कंद खालच्या चकतीकडून कुजतो. अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर सरळ फेकून द्या. केशराचंही हेच. केशराला बी धरतच नाही, सगळी लागवड कंदांवर, त्यामुळे रोगही कंदाबरोबर पुढच्या हंगामात जातो.

पेट्रीडिश
खुरपं, उगवत नाहीत अशी तक्रार नाहीये हो, नको तेही उगवताहेत!
निळी शाई, १०० मायक्रोमोलर, डीएमएसओ या द्रावकात, अर्थातच. आयकॉर्म म्हणजे तेच द्रावण रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं आणि मग उरलासुरला वायू घालवायला त्यातून नायट्रोजन सोडला. सगळे असंच करतात.

गंधकवाला
'सगळे असंच करतात' हीच तर गोची आहे. कॉर्म-२ मध्ये दोन रुथेनियम आणि सहा कार्बन मोनॉक्साइड. वायू उडाला तरी रुथेनियम द्रावणातच राहतो, आणि तो काही गप्प बसणारा धातू नाही. प्रथिनांमधल्या थायॉल गटांना, हिस्टिडीनला जाऊन चिकटतो. त्याचंच भावंड कॉर्म-३ जिवाणूंना मारतं ते मुख्यतः या रुथेनियममुळे, वायूमुळे नव्हे, हे २०१८ मध्ये छापून आलंय.
त्याहून वाईट गोष्ट पुढे. वायू किती सुटतो ते मायोग्लोबिन या प्रथिनावर मोजतात. त्यात ऑक्सिजन काढायला डायथायोनाइट घालतात, आणि डायथायोनाइटच या रेणूंमधून वायू सोडवतं. हे २०१२ पासून माहीत आहे. म्हणजे डायथायोनाइट नसताना तुमच्या ताज्या कॉर्म-२ मधूनही कंदापर्यंत फारसा वायू पोचत नसेल. मग दोन्ही गट सारखे आले यात नवल ते काय?

निळी शाई
एवढं घाबरवायची गरज नाही. रुथेनियम नको असेल तर कॉर्म-ए१ घ्या. बोरॉनचं आहे, धातू नाही, पाण्यात विरघळतं, म्हणजे डीएमएसओचीही कटकट गेली. ३७ अंश आणि सामू ७.४ ला अर्धायुष्य साधारण २१ मिनिटं. आम्ही वर्षानुवर्षं तेच वापरतो.

गंधकवाला
कंद ३७ अंशांवर असतात का? आणि ते बोरॉनचं कॉर्म-ए१ स्वतःच क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारं) आहे, पेशीतल्या एनएडीवरही क्रिया करतं. एक भूत काढून दुसरं घालायचं. सरळ वायू वापरा.

निळी शाई
वायू वापरा म्हणणाऱ्याने कधी सिलिंडर हाताळलाय का?

अर्धवटराव
कृपया वायू वापरू नका!! रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. फ्यूम हूड आणि डिटेक्टर असल्याशिवाय हात लावू नका. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून १८९५ मध्ये निष्कर्ष छापले होते, पण तो हॉल्डेन होता.

वहीबाहेर
सगळे रसायनात अडकलात, झाडाकडे कुणी बघेना. कार्बन मोनॉक्साइड हा वनस्पतींसाठी इथिलीनचा, म्हणजे त्यांच्या वायुरूप संप्रेरकाचा, कच्चा नकलाकार आहे. इथिलीनच्या मानाने हजारो पटींनी जास्त लागतो, पण काम तसंच करतो. झिमरमन, क्रॉकर आणि हिचकॉक यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की या वायूत ठेवलेल्या झाडांना खोडावर मुळं फुटतात. ग्लॅडिओलसची सुप्तावस्था इथिलीनने मोडते हेही जुनंच. तेव्हा आधी सांगा, कंद कुठले? काढणीनंतर लगेचचे की शीतगृहातले?

पेट्रीडिश
शीतगृहातलेच ना काका, ४ अंशांवर ठेवलेले. दुसरीकडून कशाला आणू?

वहीबाहेर
अहो, मग सुप्तावस्था थंडीनेच मोडली! तुम्ही मोजताय तो फक्त कोंब वाढायचा वेग. सुप्तावस्थेवर काही म्हणायचं असेल तर ताजे काढलेले कंद हवेत. इथिलीनचा संशय फेडायला काही कंदांना आधी १-एमसीपी द्या. ते इथिलीनची ग्राहक प्रथिनं अडवतं. तरीही कोंब लवकर आले तर गोष्ट वेगळी.

खुरपं
मी म्हणत होतो ते कुणी ऐकलं नाही. फ्युजेरियम लागलेला ट्यूलिप स्वतःच भरपूर इथिलीन सोडतो. कुजका कंद त्याच डब्यात असेल तर शेजारचेही जागे होतील.

निळी शाई
ट्यूलिप ग्लॅडिओलससारखा घनकंद नव्हे, कांदा आहे. पापुद्रे असतात.

खुरपं
बुरशीला त्याने काय फरक पडतो?

गंधकवाला
खुरपं यांना +१, अनपेक्षितपणे. पेट्रीडिश, नुसत्या डीएमएसओचा गट आहे की नाही?

पेट्रीडिश
नाही. पाण्याचा आहे. त्याला कोंब उशिरा आले, म्हणून तर कॉर्मचा परिणाम म्हटलं.

गंधकवाला
म्हणजे तुमच्या दोन्ही लवकर उगवणाऱ्या गटांत डीएमएसओ आहे आणि रुथेनियम आहे, आणि पाण्याच्या गटात दोन्ही नाहीत. गाईडना दाखवायच्या आधी किमान दोन गट वाढवा: तेवढाच डीएमएसओ, आणि डीएमएसओत तेवढाच रुथेनियम ट्रायक्लोराइड. ते कॉर्म-२ च्या गटासारखेच आले तर वायूला विसरा. वेगळे आले तरच बंद बरणीत, हूडखाली, वायूने संपृक्त केलेलं पाणी. त्यात २५ अंशांना साधारण १ मिलिमोलर मावतो, आणि बरणी उघडली की उडून जातो.

पेट्रीडिश
डीएमएसओ आणि ट्रायक्लोराइड आजच लावते, दोन्ही कपाटात आहेत. १-एमसीपी मागवावं लागेल. वायूचं गाईडना विचारल्याशिवाय नाही.

खुरपं
ते डीएमएसओ केशराच्या कंदांवर मारलं तर चालेल का? किती टक्के?

निळी शाई
खुरपं, वेगळा धागा काढा.