परदेशात अनोळखी माणसाने मदत केली, तर पैसे पुढे करावेत का?

चहाबाज

आमच्या ग्रुपमध्ये परवा यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे काथ्याकूट टाकतोय.

क्योटोत बसथांबा सापडेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भर पावसात सायकल हातात धरून आम्हाला दोन चौक चालत नेऊन थांब्यावर उभं केलं. बोलणं शून्य, नुसते हातवारे. मित्राने खिशातून हजार येनची नोट काढली आणि त्यांच्या हातात कोंबायला गेला. गृहस्थ आधी हसले, मग मागे सरकले, तोंडासमोर हात हलवत राहिले आणि शेवटी सायकलवर टांग मारून निघूनच गेले. मित्र म्हणतो, 'आपण आपलं कर्तव्य केलं, घेणं न घेणं त्यांचं.' माझ्या मते एका भल्या माणसाची सकाळ आपण नासवली.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे पुढे करू नयेत. उपकार अंगावर राहिलेला आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण नोट काढतो. त्यात समोरच्याचा विचार कमी आणि आपली सुटका जास्त. त्याने स्वतःहून दिलेल्या वेळाची किंमत पाच-सहाशे रुपये, हे ठरवणारे आपण कोण?

तुम्हाला काय वाटतं?

वसईची सूनबाई

असहमत. तुमच्या क्योटोच्या आजोबांना पैशांची गरज नव्हती हो. मोरोक्कोत फेजला चला.

जुन्या शहरात गाड्या जात नाहीत. गल्ल्या इतक्या अरुंद की लादलेलं गाढव आलं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मोबाइलचा नकाशा तिथे हमखास गोंधळतो. तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा येतो, 'रस्ता बंद आहे, इकडून चला' म्हणत शुआराच्या चामडं कमावायच्या कुंडांपर्यंत नेतो. तिथे चुना आणि कबुतराची विष्ठा घालून कातडी भिजवतात, त्यामुळे वरच्या दुकानाच्या गच्चीत शिरताना हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाला लावायला. सगळं दाखवून झाल्यावर पोरगा हात पुढे करतो आणि आपली मंडळी बिथरतात! 'आम्हाला वाटलं मदत करतोय', 'फसवलं', 'लुबाडलं'.

अहो, त्याने अर्धा तास पायपीट केली आहे. फुकट दिलं तर माणुसकी आणि मागितलं तर लुच्चा, हा कुठला न्याय?

पाटावरवंटा

+१. दहा दिरहमवरून तावातावाने भांडणारे विमानतळावर निमूट चारशेची कॉफी पितात.

चहाबाज

सूनबाई, तुम्ही सांगताय तो धंदा आहे, मदत नव्हे. आणि 'रस्ता बंद आहे' हे बहुतेक वेळा खोटंच असतं. तिथे परवानाधारक गाईड असतात, बिनपरवाना पोराला पोलीस हटकतात. मी विचारतोय ते मागितलेलंच नसताना द्यावं का, हे.

वसईची सूनबाई

मागत नाही म्हणजे नको आहे, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. गरजवंत माणसाला मागायची लाज वाटू शकते. रस्ता खोटा होता हे मान्य, चालणं तर खरं होतं ना?

नागोयाकर

जपानला फार देव्हाऱ्यात बसवू नका, म्हणून लिहितो. या देशात हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्याला बक्षीस मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, किमतीच्या ५ ते २० टक्के. पाकीट चौकीत जमा करताना पोलीस फॉर्मवर सरळ विचारतात, हक्क ठेवायचा की सोडायचा. तीन महिन्यांत मालक आला नाही तर ती वस्तू सापडणाऱ्याची होऊ शकते. म्हणजे भलेपणा आणि पैसा यांचं इथे वाकडं नाही.

तुमच्या मित्राचं चुकलं ते पद्धतीत. उघडी नोट हातात कोंबणं इथे फार ओबडधोबड दिसतं. आभाराचे पैसे द्यायचेच तर पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. त्याहून सोपं म्हणजे मिठाईचा छोटा डबा. मी भारतातून येताना चिक्कीची पाकिटं आणून ठेवतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आप्पा जोशीबुवा

आम्ही कामानिमित्त तेहरानला राहिलो आहोत, तिथला मासला ऐका. टॅक्सीतून उतरताना किती झाले विचारलं की ड्रायव्हर म्हणतो, 'काबेली नदारे', म्हणजे तुमच्यापुढे त्याची काय किंमत! नवखा भारतीय खूश होऊन पाकीट खिशात घालतो आणि ड्रायव्हरचा चेहरा पडतो. हा तिथला तारोफ. त्याने नको म्हणायचं, तुम्ही आग्रह करायचा, पुन्हा नको, पुन्हा आग्रह, मग पैसे घेतले जातात. कोकणात ओळखीचा दुकानदार 'राहू द्या हो' म्हणतो, म्हणून कुणी नारळ उचलून चालू पडतं का?

गंमत अशी की त्याच शहरात माणसं खरोखरही जेवायला घरी नेतात आणि तिथे पैसे काढलेत तर संपलंच. एकदाच विचारून सोडू नका, तीनदा विचारा, तिसऱ्या नकाराला खरं माना, एवढं मी शिकलो. चहाबाज, तुमच्या मित्राने किमान विचारलं तरी.

केशरभात

मला मूळ लेखातलं 'उपकार सोसत नाही म्हणून नोट काढतो' हे वाक्य खटकलं. हे पुरुषांना परवडतं.

मी एकटी फिरते. जॉर्जियात डोंगरातल्या एका गावाहून खाली यायची मिनीबस चुकली. एका माणसाने गाडीतून आणलं, रस्ताभर सभ्य वागला. उतरल्यावर मी पेट्रोलचे पैसे काढले, तो नकोच म्हणाला. बरं. मग म्हणाला, घरी जेवायला चल. नाही म्हटलं. मग निदान नंबर दे. मग हॉटेल कुठलं. कदाचित तो नुसता पाहुणचार असेल, तिथली माणसं खरंच अगत्यशील आहेत. पण मला ते कळायला मार्ग नव्हता आणि 'एवढं केलं त्याने, तुटकपणे कसं बोलायचं' या भिडेपोटी मी फुटपाथवर अर्धा तास अडकले. पैसे घेतले असते तर धन्यवाद म्हणून तिथून निघाले असते.

हिशेब मिटवणं तुम्हाला कोतेपणा वाटतो. मला कित्येकदा मिटलेलाच हिशेब हवा असतो.

चहाबाज

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. तरीही केशरभात, तुम्ही पैसे काढलेत ते स्वतःच्या सुरक्षिततेसाठी, कृतज्ञता म्हणून नव्हे. मग माझं वाक्य चुकीचं कसं?

केशरभात

वाक्य बरोबर असेल, त्यातला उपदेश चुकीचा आहे.

रिकामटेकडा

कुणालाच काही देऊ नका. पुढे आपण दुसऱ्या कुणाला तरी मदत करायची, झालं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेची हवाई हद्द बंद झाली तेव्हा कॅनडातल्या गँडर या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावात ३८ विमानं उतरवली होती, साडेसहा हजारांवर प्रवासी. संपावर असलेले स्कूलबसवाले संप सोडून कामाला लागले, लोकांनी घरं उघडली, पैसे कुणी घेतले नाहीत. आपण का नोटा नाचवायच्या?

पाटावरवंटा

गोष्ट अर्धीच सांगितलीत. जवळच्या लुइसपोर्टला राहिलेल्या एका विमानातल्या प्रवाशांनी परत जाताना विमानातच वर्गणी काढली आणि तिथल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी उभा केला. 'पुढे कुणाला तरी मदत करू' म्हणून हात झटकले नाहीत, त्याच गावाला दिलं. तुमच्या 'पुढे'ची तारीख कळेल का?

रिकामटेकडा

तारीख पडली की कळवतो. :)

नागोयाकर

अवांतर, पण महत्त्वाचं: गणवेशातल्या माणसाला आभार म्हणून पैसे देऊ नका. तुमच्या मनात कृतज्ञता असेल, समोरच्या देशाच्या कायद्यात ती लाच ठरू शकते.

आप्पा जोशीबुवा

स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रामार्गावर ग्रान्योन गावच्या चर्चला लागून यात्रेकरूंसाठी मुक्काम आहे. तिथे ठरलेलं भाडं नाही, पेटी ठेवलेली. वर लिहिलंय, जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. पेटीजवळ कुणी उभं राहत नाही, त्यामुळे देणाऱ्याला मिरवता येत नाही आणि न देणाऱ्याला कुणी हटकत नाही. मुलाने तिथून फोटो पाठवला होता. काही मंडळी तीही जागा फुकट समजून पुढे जातात म्हणे.

गुळांबा

सगळं वाचलं. मी पुढच्या महिन्यात फेजलाच चालले आहे, आईला घेऊन. सूनबाई, नक्की करायचं काय?

वसईची सूनबाई

मुक्कामाच्या जागेवरूनच परवानाधारक गाईड सांगा, आईंसोबत असताना तेच बरं. कुणी वाटेत चिकटला आणि नको असेल तर 'ला, शुक्रान' (नको, धन्यवाद) म्हणून चालत राहा, थांबून समजावत बसू नका. नेऊ देणार असाल तर निघण्याआधी आकडा ठरवा. दहा-वीस दिरहमचे सुटे वेगळ्या खिशात ठेवा, पोरासमोर मोठी नोट काढलीत की सुटे नसतात. आणि पुदिन्याची काडी घ्याच, तिचे पैसे पडत नाहीत. गच्चीतून खाली येताना खालचा दुकानदार जॅकेट घालून बघायला लावेल, ते मात्र महागात जातं.

गुळांबा

आईला जॅकेट हवंच आहे. घासाघीस तीच करेल.