शब्दचर्चा: जिओव्हानी, जोव्हान्नी की ज्योव्हान्नी?

अनुवादिनी

नमस्कार. सतराव्या शतकातील प्रवाशांवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. त्याचा नायक जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली करेरी हा इटलीतील कालाब्रियाचा गृहस्थ आहे. तो १६९५ मध्ये दमणला उतरला, वसईस राहिला, कान्हेरीची लेणी पाहून आला आणि गोव्याहून कृष्णाकाठच्या गलगले येथील छावणीत जाऊन औरंगजेबाला भेटला. आपल्या इतिहासग्रंथांत त्याला नुसते ‘करेरी’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे पहिल्या नावाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मी ‘जोव्हान्नी’ लिहिले होते. मुद्रितशोधकांनी ते सर्वत्र ‘जिओव्हानी’ केले आणि समासात ‘रूढ रूप हेच’ असा शेरा मारला. लेखात पुढे जोव्हान्नी बोक्काच्चो आणि खगोलज्ञ जोव्हान्नी कासीनी हेही येतात, त्यामुळे ही दुरुस्ती एका ठिकाणापुरती नाही. जाणकारांनी मत द्यावे.

मात्रावृत्त

आपलेच रूप मूळ उच्चाराला जवळचे आहे. इटालियनमध्ये आ, ओ, उ या स्वरांपूर्वी ‘जी’ हे अक्षर ‘ग’ असे वाचले जाते. तेथे ‘ज’ हवा असेल, तर मध्ये ‘आय’ घालतात. हा ‘आय’ केवळ खूण आहे, त्याचा वेगळा उच्चार होत नाही. म्हणूनच फ्लोरेन्सचा चित्रकार जोत्तो आहे, जिओत्तो नव्हे.

मात्र मराठीत एक अडचण उरते. ‘जोर’, ‘जोडा’, ‘जहाज’ यांतला आपला ‘ज’ दातांजवळचा आहे, आणि ‘जो’ दिसले की मराठी वाचक तोच उच्चारणार. जीव, जेवण यांतला तालव्य ‘ज’ ओकारापूर्वी हवा असेल, तर आपण ‘य’ जोडून ‘ज्यो’ लिहितो. म्हणजे इटालियनांचा ‘आय’ जे काम करतो, तेच काम आपल्याकडे ‘य’ करतो. म्हणून मी ‘ज्योव्हान्नी’ सुचवीन.

जुनीवही

मला हा अट्टहास पटत नाही. मराठीने परक्या नावांसाठी कधी उच्चारकोश उघडला नाही. कॅप्टन स्ट्युअर्टचा आपण इष्टुर फाकडा केला, हॉलंडच्या माणसाला वलंदेज म्हटले, आणि त्यामुळे भाषेचे काही बिघडले नाही. शिवाय हे नाव धारण करणाऱ्यांनीही ते कुठे जपले? जोव्हान्नी काबोतो १४९७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या परवानगीने ब्रिस्टलहून उत्तर अमेरिकेला पोहोचला आणि इतिहासात जॉन कॅबट झाला. कासीनी १६६९ मध्ये बोलोन्याहून पॅरिसला गेला आणि झां-दोमिनिक झाला. शनीच्या कड्यांमधली फट त्याने १६७५ मध्ये दाखवली, ती या फ्रेंच अवतारात. वाचक ज्या रूपाने शोधेल तेच रूप छापावे.

मात्रावृत्त

इष्टुर हा शब्द लोकांनी कानाने घडवला. ऐकले, जिभेला सोयीचे केले आणि बखरीत लिहिले. ‘जिओव्हानी’ कोणी ऐकून घडवलेला नाही. रोमन अक्षरे पाहून, ती इंग्रजीच्या सवयीने वाचून तो तयार झाला आहे. रूढी म्हणून दोहोंना एकच मान देणे मला मान्य नाही.

डोळ्याने घेतलेला शब्द किती लांब नेतो, याचे उदाहरण आणखी एका जोव्हान्नीचेच आहे. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेतील जोव्हान्नी स्क्यापारेल्ली याने १८७७ मध्ये मंगळावरच्या रेषांना ‘कानाली’ म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक प्रवाहमार्गालाही चालतो आणि खोदलेल्या कालव्यालाही. इंग्रजीने दिसायला जवळचा शब्द उचलला, ‘कालवे’ झाले, आणि कालवे म्हटल्यावर ते खोदणारे मंगळवासी आलेच.

पोकाठी

मी काही वर्षे तोरिनोत नोकरीला होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी जोव्हान्नी नावाचेच होते, आणि त्यांना सगळे ‘जान्नी’ म्हणत. मी पहिल्या आठवड्यात ‘जानी’ म्हणालो. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवले, ओठ थोडे उघडे ठेवून जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवले आणि मला दिसेल असा क्षणभर तिथेच धरून मग ‘नी’ सोडला. नंतर कागदावर दोन शब्द लिहून दिले: नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. आपल्याकडे ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत जो फरक ऐकू येतो, तसाच तो आहे. ‘ज’ किंवा ‘ज्य’ काहीही करा, परंतु जोडाक्षर काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या भाषेला हे द्वित्व लिहिताही येते आणि उच्चारताही येते, तिने ते टाकून देणे मला फार लागते.

‘ज’विषयी मात्र एक नोंद. व्हेनिसच्या बोलीत हेच नाव ‘झुआन’ होते, आणि तिथला आरंभीचा वर्ण दातांकडचाच आहे. जिथे अनेक दोजांना, म्हणजे व्हेनिसच्या निर्वाचित राज्यप्रमुखांना पुरले आहे, त्या संत जोव्हान्नी आणि संत पाओलो यांच्या चर्चला व्हेनिसचे लोक ‘सान झानिपोलो’ म्हणतात. तेव्हा आपला दंत्य ‘ज’ अगदीच परका नाही.

कोशवाचक

सर्वांनी एक सोपी गोष्ट नजरेआड केली आहे. हा शब्द आपला ‘जवान’च आहे. इटालियनमध्ये ‘जोव्हाने’ म्हणजे तरुण, आणि त्यावरूनच जोव्हान्नी. माझे आजोबा फारसीचे जाणकार होते आणि ही सांगड ते नेहमी घालून देत.

मात्रावृत्त

आजोबांची अर्धी सांगड अचूक आहे. इटालियन ‘जोव्हाने’, फारसी ‘जवान’ आणि संस्कृत ‘युवन्’ हे खरोखर एका कुळातले शब्द आहेत. परंतु जोव्हान्नी त्या कुळातला नाही. तो हिब्रू ‘योहानान’, म्हणजे ‘परमेश्वराने कृपा केली’, या नावावरून ग्रीक आणि लॅटिनमार्गे आला. मराठी बायबलमधला योहान तोच. तारुण्याशी त्याचा संबंध नाही.

कोशवाचक

मूळ वेगळे असेल, हे मान्य करतो. पण मग ‘य’चा ‘ज’ दोन्हीकडे कसा झाला? आपल्याकडेही यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यवाचा जव झाला. लॅटिनच्या आरंभीच्या ‘य’चाही इटालियनमध्ये ‘ज’च झाला. दोन दूरच्या भाषांची जीभ एकाच वाटेने गेली, हे मला व्युत्पत्तीहून मोलाचे वाटते. त्या न्यायाने जोव्हान्नीतला ‘ज’ हा जत्रेतला ‘ज’ मानून साधा ‘जो’ लिहिण्यास काय हरकत आहे?

मांडवीकाठ

हे नाव आमच्या गोव्यात केव्हाच येऊन पोहोचले आहे. पोर्तुगीज जुआंवचे कोंकणीत ‘जुवांव’ झाले, आणि २४ जूनला संत योहानाचा सण ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो. पावसाने विहिरी भरलेल्या असतात, मुले डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून त्यांत उड्या घेतात. त्याच दिवशी फ्लोरेन्समध्ये सान जोव्हान्नीचा उत्सव असतो, कारण तो त्या शहराचा पालक संत आहे.

पोकाठी

तोरिनोचाही तोच पालक संत आहे. २४ जूनला आमचे कार्यालय बंद असे.

अनुवादिनी

सर्वांचे मनापासून आभार. मुद्रितशोधकांशी काल पुन्हा बोलणे झाले. जोडाक्षर ठेवण्यास ते तयार आहेत, ‘जिओ’ सोडण्यास नाहीत. मांडवीकाठ यांचे वाचून माझ्या मनात आले की, वसईत आणि गोव्यात करेरीला जे पोर्तुगीज भेटले, त्यांच्या तोंडी तो जुआंवच असणार. पण मला त्याच्या भाषेतले नाव हवे आहे.

जुनीवही

मग त्याच्याच ग्रंथाचे शीर्षकपान पाहावे. तिथे पूर्ण नाव नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे जी, आय आणि ओ एवढाच संक्षेप देऊन पुढे फ्रांचेस्को छापले आहे. आपण सगळे ज्या जोडाक्षरासाठी भांडत आहोत ते त्या पानावर नाहीच, आणि ज्या ‘आय’ला मात्रावृत्त केवळ खूण म्हणतात तो तिथे आहे.

मात्रावृत्त

संक्षेपातही तो खूणच आहे. तो काढला, तर ‘गो’ वाचावे लागेल.